व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर चक्कर येतेय? आधी ती कसली चक्कर आहे ते ओळखा

माझा हृदयातला एओर्टिक व्हॉल्व्ह (झडप) बदलला त्याला बारावा दिवस होता, पहाटे झोपेतच डाव्या कुशीवर वळलो आणि छत, खिडकी, कपाट सगळं गरगर फिरायला लागलं. गादी घट्ट धरली, डोळे मिटले तरी फिरणं थांबेना, पोटात ढवळून आलं. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं पण मी तसाच पडून राहिलो कारण मनात एकच विचार, नवीन व्हॉल्व्ह अडकला. ऑपरेशनच्या आधी मला जिना चढताना डोळ्यापुढे अंधारी यायची, व्हॉल्व्ह अरुंद झाला की तसं होऊ शकतं, त्यामुळे चक्कर म्हणजे व्हॉल्व्ह हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. नंतर कळलं की त्या चक्करचा हृदयाशी काही संबंध नव्हता, ती कानातली होती. पण हे कळायला नऊ दिवस गेले, आणि ते नऊ दिवस गेले याचं मुख्य कारण म्हणजे मी फोनवर नुसतं "चक्कर येते" एवढंच सांगत होतो आणि समोरून बीपीची गोळी कमी केली जात होती.

म्हणून हे लिहितोय. आपण मराठीत सगळ्यालाच चक्कर म्हणतो पण खरंतर आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वापरले पाहिजेत. खोली गोल फिरतेय किंवा आपणच फिरतोय असं वाटतं ते गरगरणं. उठल्यावर डोळ्यापुढे काळोख येतो, आता पडतो की काय असं होतं ती अंधारी किंवा भोवळ. डोकं ठीक आहे पण चालताना झोकांडी जाते, एका बाजूला ओढल्यासारखं होतं तो तोल जाणं. आणि चौथं म्हणजे डोकं हलकं हलकं, तरंगल्यासारखं, अशक्तपणा. चारहींची कारणं वेगळी आणि उपाय त्याहून वेगळे. कधी दोन एकत्रही असतात, आणि माणूस घाबरलेला असला की त्याला स्वतःलाच नीट सांगता येत नाही, त्यामुळे कुठला शब्द वापरला याच्याइतकंच चक्कर किती वेळ टिकली आणि काय करताना आली हे लक्षात ठेवा.

चक्कर आली त्या क्षणी

जिथे आहात तिथे खाली बसा. खुर्ची दोन पावलांवर असली तरी तिकडे जाऊ नका, जमिनीवर बसा, भिंतीला पाठ टेका. छाती उघडून ऑपरेशन झालं असेल तर आणखी एक गोष्ट, पडतोय असं वाटलं की आपला हात आपोआप कशाला तरी झेपावतो आणि सगळं वजन हातांवर येतं, छातीचं हाड तारेने जोडलेलं असतं आणि ते भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्या काळात असा झटका बसला तर हाड हलू शकतं. म्हणून तोल जायची वाट न बघता पहिल्या हेलकाव्यालाच बसायची सवय लावा. अंधारी येत असेल तर आडवं व्हा आणि पाय उशीवर ठेवा. गरगरत असेल तर डोकं हलवू नका, समोरच्या एका न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवा.

मग घड्याळ बघा. किती वाजता सुरू झालं आणि किती वेळ चाललं हे डॉक्टर पहिलं विचारतात आणि आपल्याकडे नेमकं तेच नसतं.

घरातल्या कोणाला तरी हाक मारा आणि त्यांना चार गोष्टी बघायला सांगा. बोलणं अडखळतंय का, हसल्यावर तोंड एका बाजूला ओढलं जातंय का, दोन्ही हात खांद्याइतके पुढे धरल्यावर एक हात खाली येतोय का, आणि एका वस्तूच्या दोन दिसतायत का. हे सगळं एका मिनिटात होतं.

कधी थांबायचं नाही

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा कारण वेळ येईल तेव्हा पेशंट वाचण्याच्या अवस्थेत नसेल.

वरच्या चारपैकी एक जरी गोष्ट दिसली तर लगेच हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्स बोलवा. पण एक प्रकार असा आहे की ज्यात तोंड वाकडं होत नाही, हातही ठीक असतात आणि तरी तो स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा झटका असतो. मेंदूच्या मागच्या भागात, जिथून तोल सांभाळला जातो तिथे गुठळी गेली की नुसतं गरगरणं, उलट्या आणि उभं राहता न येणं एवढंच दिसतं. कानाच्या साध्या चक्करमध्ये माणूस धरून धरून का होईना चालतो. आधाराशिवाय बसताच येत नाही, पाऊल टाकलं की कोसळतोय, गरगरणं न हलताही तासन्‌तास चालूच आहे, किंवा त्याच्यासोबत अचानक प्रचंड डोकं दुखतंय, गिळता येत नाहीये, तर "पित्त असेल, झोपून बघू" असं अजिबात करू नका. व्हॉल्व्हच्या पेशंटला गुठळीचाही धोका असतो आणि रक्त पातळ करायच्या गोळीमुळे मेंदूत रक्तस्रावाचाही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

पोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगा: व्हॉल्व्हचं ऑपरेशन अमुक तारखेला झालंय, व्हॉल्व्ह मेकॅनिकल आहे की टिश्यूचा, रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू आहे, शेवटचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा) किती होता, आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता. शेवटची वेळ फार महत्त्वाची, कारण गुठळी काढायची की नाही हा निर्णय त्यावर असतो.

याशिवाय चक्करसोबत छातीत दुखणं, धाप, शुद्ध हरपणं, किंवा चक्कर आणि ताप एकत्र, हेही त्याच दिवशी दाखवायचं. ताप आला की नुसती तापाची गोळी घेऊन बसू नका, नव्या व्हॉल्व्हवर इन्फेक्शन बसू शकतं आणि त्याचे तुकडे मेंदूकडे जाऊ शकतात. आणि डिस्चार्जनंतर काही दिवसांनी धाप वाढत चाललीय, बीपी घसरतंय, आडवं झोपवत नाही असं असेल तर हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साठलेलं असू शकतं, ते इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत लगेच दिसतं.

अंधारी येत असेल तर बीपी असं मोजा

पहिल्या काही आठवड्यात सगळ्यात जास्त लोकांना होतो तो हा प्रकार. अंथरुणात पडून पडून पायांचे स्नायू सैल झालेले, ऑपरेशनमध्ये रक्त गेल्याने हिमोग्लोबिन कमी, त्यात लघवी जास्त होण्याची गोळी, बीपीची गोळी, ठोके कमी ठेवायची गोळी, सगळं एकत्र. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं.

नुसतं बसून एकदा बीपी मोजून काही कळत नाही. पाच मिनिटं आडवं पडून राहा आणि मोजा. मग कोणाला तरी शेजारी उभं करून सावकाश उभे राहा आणि एक मिनिटाने मोजा, परत तीन मिनिटांनी मोजा. मोजताना दंड हृदयाच्या उंचीला हवा, हात खाली लोंबकळत ठेवला तर आकडा जास्त येतो आणि घसरण लपते. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, किंवा खालचा १० घसरला, तर ते उभं राहिल्यावर बीपी पडणं झालं. सकाळी गोळ्या घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर दोन तासांनी असं तीन दिवस करा आणि तो कागद डॉक्टरांना पाठवा. माझ्या मते हा एक कागद दहा फोनपेक्षा जास्त काम करतो.

गोळी स्वतःहून बंद करू नका, विशेषतः ठोक्यांची. ती अचानक सोडली तर ठोके उसळतात. बऱ्याचदा डॉक्टर नुसत्या वेळा बदलतात, तीन गोळ्या सकाळी एकत्र घेत असाल तर एक रात्री करतात, आणि तेवढ्याने फरक पडतो. आणि "पाणी भरपूर पी, चक्कर जाईल" असा सल्ला घरात सगळेच देतात पण ज्यांना पाण्यावर मर्यादा घातलेली आहे त्यांनी विचारल्याशिवाय वाढवू नका. रोज सकाळी वजन करत असाल तर त्यातून डॉक्टरांना कळतं की शरीर सुकलंय की पाणी साठतंय, दोन्हीला उपाय उलटे आहेत.

तोवर उठायची पद्धत बदला. जागं झाल्यावर आडवे असतानाच पावलं वर खाली वीस वेळा हलवा, मग कडेला बसा, दोन मिनिटं बसूनच राहा, मग उभे राहा आणि उभं राहिल्यावर लगेच चालायला लागू नका. अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, दाराला आतून कडी न लावता. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात आणि बाथरूममध्ये बरेच लोक पडतात.

नाडी बघायला शिका

बीपीचं मशीन नाडीचा आकडा दाखवतं पण ठोके अनियमित असले की ते चुकतं. त्यामुळे मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. आकड्याइतकीच लय महत्त्वाची. टक, टक, टक असं समान आहे की कधी लवकर कधी उशिरा, काही ताळमेळच नाही.

ताळमेळ नसेल आणि वेग जास्त असेल तर बहुतेक एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं. ओपन हार्ट सर्जरीनंतर साधारण तिघांतल्या एकाला हे होतं, बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच दिसतं पण काहींना घरी आल्यावर होतं. त्यात डोकं हलकं होतं, छातीत फडफड होते, थकवा येतो. उपचार आहेत, पण गुठळीचा धोका वाढतो म्हणून कळवायला उशीर नको.

उलट ठोके फार कमी, ५० च्या खाली आणि त्यासोबत अंधारी, ही वेगळी गोष्ट. हृदयाची वायरिंग म्हणतो ती एओर्टिक व्हॉल्व्हच्या अगदी शेजारून जाते, तिथे सूज किंवा दाब आला की सिग्नल अडतो. मांडीतून घातलेल्या व्हॉल्व्हमध्ये, ज्याला तावी म्हणतात, हे जास्त बघायला मिळतं आणि ते काही दिवसांनीही होऊ शकतं. बसलेला माणूस काही कारण नसताना एकदम बेशुद्ध होऊन लगेच शुद्धीवर आला तर "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी ईसीजी काढा. काहींना पेसमेकर लागतो आणि तो बसल्यावर ही भोवळ थांबते.

कुशीवर वळताना गरगरतं ते कानातलं

माझं हेच होतं. आतल्या कानात एका पिशवीसारख्या भागात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागचे सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत गेले की डोकं विशिष्ट दिशेला वळवल्यावर ते सरकतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. बीपीपीव्ही म्हणतात याला. खूण अगदी स्पष्ट असते, पलंगावर वळताना, आडवं होताना, उठताना, वर बघताना येतं, एक मिनिटाच्या आत थांबतं, स्थिर राहिलं की जातं, आणि ऐकायला कमी येत नाही. ऑपरेशननंतर बरेच दिवस उताणं झोपावं लागतं, डोकं फारसं हलत नाही, त्यात वय झालेलं, त्यामुळे हे सुरू व्हायला निमित्त मिळतं.

आणि इथे व्हॉल्व्हच्या पेशंटची एक खास अडचण आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. छातीचं हाड जपायला आपल्याला शिकवतात की उठताना हातांवर जोर न देता आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. म्हणजे जी हालचाल हाडासाठी बरोबर तीच कानाच्या चक्करला नेमकी चेतवणारी. मी गरगरलं की घाबरून हात टेकवायचो आणि छातीत कळ यायची. यावर मार्ग असा काढला की पाठीमागे उशा रचून पाठ जवळजवळ अर्धी उभी ठेवून झोपायचं, ज्या बाजूला गरगरत नाही त्या बाजूनेच उठायचं, वळताना मान वेगळी न वळवता डोकं, खांदे, कंबर एकत्र वळवायचं, छातीशी उशी धरायची, आणि बसल्यावर गरगरणं आलंच तर ते संपेपर्यंत हलायचं नाही. पलंगाच्या त्या बाजूला पहिले काही दिवस कोणीतरी असू द्या.

खरा उपाय म्हणजे इप्ली मॅन्युव्हर, अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन इप्ली यांच्या नावाने ओळखला जातो. बसलेल्या माणसाचं डोकं त्रासाच्या बाजूला ४५ अंश वळवतात, मग झटकन मागे आडवं करून डोकं किंचित खाली लोंबेल असं धरतात, मग दुसऱ्या बाजूला वळवतात, मग अख्खं अंग त्या कुशीवर नाक जमिनीकडे करून, आणि मग उठवून बसवतात. प्रत्येक स्थितीत अर्धा ते एक मिनिट. कण नळीतून फिरून परत आपल्या जागी जातात. बऱ्याच जणांना एक दोन वेळात बरं वाटतं, औषध काही लागत नाही.

पण व्हिडिओ बघून घरी करू नका, निदान हाड भरेपर्यंत नाही. एक तर कुठला कान आणि कुठली नळी हे आधी तपासावं लागतं, चुकीच्या बाजूने केलं तर उपयोग नाही. दुसरं म्हणजे झटकन मागे जाताना आणि उठताना आपण नकळत हातांवर जोर देतो. कानाचे डॉक्टर किंवा तोलाचं काम करणारे फिजिओ यांच्याकडे जा आणि आधी सांगा की छातीचं हाड जोडलेलं आहे, ते पाठीला धरून दोघांनी मिळून करतात किंवा बाजूवर आडवं करून करायची पद्धत वापरतात. माझं पहिल्या वेळी अर्धवट गेलं आणि चार दिवसांनी परत केल्यावर पूर्ण गेलं.

गरगरत नाही पण तोलच नाही

हा प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो म्हणून जरा थांबून सांगतो. व्हॉल्व्हला इन्फेक्शन झाल्यामुळे ज्यांचं ऑपरेशन करावं लागलं त्यांना अनेकदा काही आठवडे शिरेतून जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिलेलं असतं. जीव वाचवणारं औषध आहे, पण ते आतल्या कानातल्या तोलाच्या पेशींना इजा करू शकतं, दोन्ही कानांना सारखी, आणि ऐकणं मात्र ठीक राहू शकतं. दोन्ही बाजू सारख्या गेल्या की गरगरत नाही. माणूस म्हणतो अंधारात चालता येत नाही, डोळे मिटून तोंड धुताना पुढे जातो, चालताना समोरच्या पाट्या हलतात, वाचता येत नाहीत. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, जाईल. तो तसा जात नाही. डिस्चार्जच्या कागदावर जेंटामायसिनचं नाव आहे का बघा, असेल तर कानाची तोलाची तपासणी मागून घ्या. याला गोळी नाही, पण डोळे आणि डोकं यांचे ठरावीक व्यायाम असतात, ते जितके लवकर सुरू होतील तितका मेंदू डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर तोल सांभाळायला शिकतो. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. अनियमित ठोक्यांसाठी दिलेल्या अमिओडेरॉननेही काहींचा तोल जातो, हात थरथरतात, तेही विचारून घ्या.

गोळ्यांच्या बाबतीत

चक्करची गोळी दुकानातून आणून सुरू करू नका. सिनारिझिन या चक्करच्या गोळीने सुस्ती येते आणि सुस्त माणूस जास्त पडतो, शिवाय महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूचं सावरणंच लांबतं. दोन चार दिवस उलट्या थांबवायला डॉक्टरांनी दिली तर ठीक. चक्करवर, स्मरणशक्तीवर म्हणून गिंको या झाडाचा अर्क असलेल्या कॅप्सूल मिळतात, रक्त पातळ करायच्या गोळीसोबत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, त्या नकोतच. आणि कुठल्याही दुसऱ्या डॉक्टरांनी नवीन गोळी दिली, विशेषतः अँटिबायोटिक, तर वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे हे सांगा आणि आयएनआर लवकर तपासा. मेकॅनिकल व्हॉल्व्हमध्ये आयएनआर साधारण एओर्टिकसाठी २ ते ३ आणि मायट्रल या दुसऱ्या व्हॉल्व्हसाठी २.५ ते ३.५ ठेवतात, तुमचा नेमका आकडा तुमच्या सर्जनकडून लिहून घ्या.

रक्त पातळ असताना पडून डोक्याला मार लागला तर सूज नाही, जखम नाही, दुखत नाही, तरीही हॉस्पिटलला जा. मेंदूभोवती रक्त हळूहळू साठतं आणि पहिल्या काही तासांत माणूस अगदी नॉर्मल बोलत असतो.

एमआरआय सांगितला तर "आत व्हॉल्व्ह आहे, चालणार नाही" म्हणून परत येऊ नका. आजकालचे बहुतेक व्हॉल्व्ह एमआरआयला चालतात, फक्त व्हॉल्व्हचं कार्ड दाखवावं लागतं, आणि पेसमेकर बसवला असेल तर त्याचंही. ती कार्डं फाइलमध्ये ठेवू नका, पाकिटात ठेवा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना मी आता एवढंच लिहून नेतो: काय होतं हे चक्कर हा शब्द न वापरता, किती सेकंद किंवा मिनिटं, तेव्हा काय करत होतो, बीपी आडवं आणि उभं, नाडी, आणि त्या दिवशीच्या गोळ्या कुठल्या वेळी घेतल्या. कानाचं गरगरणं परत येऊ शकतं, मला आठ महिन्यांनी परत आलं, तेव्हा ओळखीचंच होतं, तीच बाजू, तेवढाच वेळ, म्हणून फिजिओला फोन केला. पण पुढच्या वेळी जर ते वेगळं वाटलं, जास्त वेळ टिकलं किंवा न हलता आलं, तर जुनंच आहे असं धरून चालायचं नाही, आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन, मग बाकीचं, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.